कमाटी बाग आणि तिथे येणारे

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ‘सयाजी बाग’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ते नाव पाटीवर आणि सरकारी कागदात. घरात ती कमाटी बागच. हे नाव ‘कमिटी’ या शब्दावरून पडले असे आमचे आजोबा सांगत; बाग तयार होताना माती वाहणाऱ्या कामाठी मजुरांवरून पडले असे शेजारचे एक वृद्ध गृहस्थ तितक्याच ठामपणे सांगत. दोघांचा हा वाद मी लहानपणी अनेक वर्षे ऐकला. वाद मिटला नाही, वादी मात्र निघून गेले.

या बागेचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, आणि बहुधा तो राजा, दिवाण, शिल्पकार आणि माळी यांचा इतिहास असतो. मला येथे थोडे निराळे लिहावयाचे आहे. बागेत कोण आले, त्यांना तिथे काय मिळाले, आणि आलेल्यांपैकी कोणाची आठवण आपण ठेवली, याविषयी चार शब्द लिहितो.

बागेपूर्वीची बडोद्याची करमणूक म्हणजे साठमारी. खंडेराव महाराजांच्या काळी पाणीदरवाज्याकडील अगडात हत्तींच्या झुंजी लागत आणि सारे शहर त्या पाहावयास लोटे. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६०च्या दशकात त्या पाहून सविस्तर वर्णिल्या आहेत. ही करमणूक राजाची, प्रजा तिची साक्षीदार. राजाची मर्जी असेल त्या दिवशी खेळ, नसेल त्या दिवशी अगड रिकामा. १८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले, कवळाण्याच्या गायकवाडांच्या घरातील मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती आला. हे गृहस्थ कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. त्रावणकोरची दिवाणगिरी, मग इंदूरची, मग बडोद्याची असा त्यांचा प्रवास. आपल्या बृहन्महाराष्ट्रात त्यांचे नाव इंदूर आणि बडोदे या दोन्ही शहरांनी आदराने घ्यावे इतके त्यांचे काम आहे. त्यांच्या कारकीर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठावर ही बाग सर्वांसाठी उघडली गेली. महाराज तेव्हा अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते.

शंभरहून अधिक एकरांची ही बाग नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली आहे. तिच्यात प्राणिसंग्रह आला, बँडस्टँड आला. पुढे क्रुम्बीगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्यात काम करून गेला. बंगळूरच्या लालबागेमुळे त्याचे नाव आज अधिक ओळखीचे आहे. १८९४ मध्ये चिझम या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले वस्तुसंग्रहालय पूर्ण झाले. त्याला लागून चित्रशाळेची इमारत १९०८ ते १९१४ या काळात उभी राहिली, पण तिच्यासाठी विलायतेत स्पीलमन या कलासमीक्षकाने निवडलेली चित्रे महायुद्धामुळे तिकडेच अडकली आणि चित्रशाळा उघडावयास १९२१ उजाडले. १९०७ पासून दाराशी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तोच आपला काळा घोडा. रिक्षावाला आजही ‘काला घोडा’ म्हटले की अधिक विचारीत नाही.

या साऱ्यामागे महाराजांचा एक निश्चित हेतू होता. १८९३ मध्ये अमरेलीकडील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू, १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची उभारणी. याच मालिकेत वस्तुसंग्रहालय बसते. ज्याला वाचता येत नाही त्याला निदान पाहता यावे, हा विचार. फिरावयास आलेला मनुष्य नकळत शिकून जावा अशी योजना होती. ती कितपत साधली हे सांगणे कठीण आहे. आमच्या घरापुरते सांगतो.

आमच्या आजीने आयुष्यात एकदाच संग्रहालय पाहिले. कोकणातून तिचे भाऊ आले होते, त्यांना दाखवावयाचे म्हणून ती बरोबर गेली. दगडी मूर्ती, पेंढा भरलेले वाघ, शस्त्रे असे सर्व पाहून मंडळी मिसर देशाच्या ममीपाशी आली. हे काय आहे असे आजीने विचारले आणि कोणीतरी खरे ते सांगितले. आजी तशीच बाहेर पडली. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन तिने डोक्यावरून स्नान केले, भावांनाही करावयास लावले आणि मग चूल पेटवली. हजारो वर्षांपूर्वीच्या परक्या मढ्याचा विटाळ! हा प्रसंग आमच्या घरात प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यापुढे सांगितला जाई आणि सर्व जण पोट धरून हसत. आजीही हसत असे. मीही पुढे माझ्या मुलांना तो सांगितला. त्यात हसण्यापलीकडे काही आहे असे मला फार उशिरा वाटले.

आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. राहणे दांडिया बाजारात. कचेरी सुटली की घरी येऊन चहा, मग टोपी घालून पायी कमाटी बाग; हा क्रम त्यांनी नोकरी लागल्यापासून संस्थान विलीन होईपर्यंत आणि नंतरही गुडघ्यांनी साथ दिली तोवर चालवला. बागेतले त्यांचे बाक ठरलेले, सोबती ठरलेले, उठण्याची वेळ ठरलेली. बँड वाजे तेव्हाची सलामी, झाडांची नावे लिहिलेल्या पत्र्याच्या पाट्या, नदीला पूर आला की काठावर दिसणाऱ्या सुसरी, १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला आणि मग सांगाडा होऊन संग्रहालयात विराजमान झालेला निळा देवमासा, असे त्यांच्या तोंडून मी इतके ऐकले की त्यातले काही मी स्वतःच पाहिले असा मला भास होतो. मी पाहिली ती बाग १९६०च्या दशकातली. १९५६ मध्ये राजघराण्याने शहरातील मुलांना दिलेली छोटी आगगाडी हे आमचे तिथले दैवत होते. आजोबा मला गाडीत बसवीत आणि स्वतः आपल्या बाकावर जाऊन बसत.

सांगण्यासारखे जे जे बडोद्यात घडले ते आजोबांनी सांगितले आहे. १९११च्या दिल्ली दरबारात महाराज बादशहाला कसे मुजरा करून पाठ फिरवून आले ही तर त्यांची हुकमी गोष्ट. १९१८चा इन्फ्ल्युएन्झा, त्यात गेलेले शेजारी, सारे सनावळीसह. १९१७ मधले मात्र त्यांनी काही सांगितले नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईहून एक तरुण अधिकारी बडोद्यास रुजू होण्यासाठी आला. वय सव्वीस. जन्म महूचा, म्हणजे इंदूरच्या शेजारचा. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. घरची भाषा मराठी. आपणा वाचकांपैकी बहुतेकांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर जन्मलेला मराठी मनुष्य. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, १९१५ मध्ये एम. ए. झाला, तेथून लंडनला गेला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तिथले शिक्षण अर्धे ठेवून परत आला. त्याची पुस्तके निराळ्या बोटीने येत होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. करार असा होता की शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. तो पाळण्यासाठी भीमराव रामजी आंबेडकर बडोद्याच्या स्टेशनावर उतरले.

त्यांना उतरवून घ्यावे अशी महाराजांची आज्ञा होती, असे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. कोणी आले नाही. हिंदू खाणावळी आणि लॉजिंगे बंद. एका पारशी धर्मशाळेत जागा होती, पण ती पारशांसाठी. शेवटी पारशी नाव नोंदवहीत लिहून, रोजचे दीड रुपया भाडे ठरवून ते तिथे राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेले दालन, दुसरा एकही प्रवासी नाही, रात्री एक लहानसा कंदील. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके हीच काय ती सोबत. हे सर्व त्यांनी पुढे १९३०च्या दशकात इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात आले आहे. ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

नेमणूक हिशेब खात्याच्या कचेरीत होती. तिथे शिपाई कागद लांबून त्यांच्या टेबलावर टाकीत आणि त्यांना प्यावयास पाणीही मिळत नसे, असे कीरांनी नोंदवले आहे. मी स्वतः राज्य सरकारच्या नोकरीत तेहतीस वर्षे काढली. नवा अधिकारी आला की पहिल्याच आठवड्यात साऱ्या कचेऱ्यांत त्याच्याविषयी बोलले जाते. तो कुठला, कोणाच्या शिफारशीने आला, कुठे उतरला, हे शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना ठाऊक असते. बडोद्यासारख्या आटोपशीर राजधानीत, अमेरिकेहून एम. ए. होऊन आलेला, खुद्द महाराजांनी पाठवलेला आणि महार जातीचा अधिकारी आला आहे, ही गोष्ट महसूल खात्यातल्या पंचवीस वर्षांच्या कारकुनाच्या कानावर गेली नसेल, हे मला पटत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण करून, परत करावयाची पुस्तके हाती घेऊन आंबेडकर कचेरीस निघाले असता डझनभर माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम भोग. आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी मंत्र्यांकडे विनंती केलेली होती. तिथे जाऊन पाहिले तर विचार करू असे उत्तर मिळाले. शहरात दोन ओळखीचे होते. एक हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही माझ्या घरी राहिलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला की पत्नीला विचारावे लागेल, ती बाहेरगावी आहे. हे पती-पत्नी मूळचे ब्राह्मण कुटुंबातले, आणि धर्म बदलला तरी पत्नीचे सोवळे गेलेले नव्हते. आंबेडकरांनी त्याचा अर्थ ओळखला. तोवर दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास कुठे काढावयाचे? धर्मशाळेत परतणे धोक्याचे, मित्राकडे पुन्हा जाणे नकोसे. ते कमाटी बागेत येऊन बसले.

बाग स्टेशनापासून पायी जाण्याजोगी. दाराशी त्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाचा पुतळा. आत बसावयास कोणाची परवानगी लागत नसे. त्या चार तासांत बागेत कोणी नाव विचारले, जात विचारली किंवा उठवले असे त्यांनी लिहिलेले नाही. साऱ्या बडोदे शहरात त्या दिवशी त्यांना स्वतःच्या नावाने बसता आले अशी ही एवढीच जागा. सार्वजनिक बाग म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर मला कुठल्या गॅझेटियरात सापडलेले नाही; आणि त्याच बागेबाहेर एकाही घराचे दार उघडले नाही, हेही त्याच उत्तरात येते.

आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. वडाखाली बसून बाबासाहेबांनी अस्पृश्यता मोडण्याची प्रतिज्ञा केली असे लोक सांगतात आणि २३ सप्टेंबर हा दिवस पाळतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने साताऱ्याच्या त्यांच्या शाळेबरोबर या जागेचीही राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून शिफारस केली. त्यांच्या स्वतःच्या लेखनात वडही नाही आणि प्रतिज्ञाही नाही. तिथे आहे ते असे: कधी मन रिकामे, कधी झाल्या गोष्टीचे दुःख, आणि निराधार मुलांना होते तशी आई-वडिलांची आठवण. आई लहानपणीच वारलेली. वडिलांचे निधन १९१३च्या फेब्रुवारीतले. त्या वेळीही ते बडोद्यातच नोकरीला होते आणि वडील आजारी असल्याची तार आल्यामुळे मुंबईस धावले होते. आठ वाजता ते बागेतून उठले, गाडी करून धर्मशाळेत गेले, सामान खाली आणले. तिथला रखवालदार पुढे आला. आपल्यामुळे हे झाले असे त्याला वाटत असावे. दोघेही एकमेकांशी एक शब्द बोलू शकले नाहीत. बिल चुकते केले आणि निघाले. स्मारकाला प्रतिज्ञा हवी असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला स्वतःला मात्र ही प्रतिज्ञेवाचूनची संध्याकाळ अधिक जड वाटते.

चार ते आठ ही आजोबांचीही वेळ होती. त्या दिवशी ते बागेत गेले होते की नाही, हे आता कोण सांगणार? सप्टेंबर आहे, पाऊस असेल तर गेले नसतील. नसेल तर गेले असणारच.

आणखी एक योगायोग नोंदवून ठेवतो. १९३४ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेला एर्न्स्ट कोन-वीनर हा ज्यू कलेतिहासकार बडोद्यास आला आणि या बागेतल्या संग्रहालयाचे काम त्याच्याकडे सोपवले गेले. १९३९ पर्यंत तो येथे होता. जातीमुळे स्वतःच्या देशात आसरा न उरलेल्या त्या विद्वानाला बडोद्यात राहावयास घर मिळाले. संस्थान तेच, महाराज तेच, मध्ये सतरा वर्षे गेली एवढेच. आजोबा या ‘जर्मन साहेबा’विषयीही कौतुकाने बोलत.

मी स्वतः कीरांचे चरित्र महाविद्यालयात असताना वाचले होते. बडोद्याचे प्रकरणही वाचले. परीक्षेच्या मुलाने वाचावे तसे वाचले. त्यातली बाग म्हणजे आपली बाग, हे डोळ्यांसमोर आले नाही. आपल्या शहरातील मराठी मंडळींच्या स्मरणिकांत, शताब्दी अंकांत, मी पाहिले आहेत तेवढ्यांत, बागेवर लेख पुष्कळ आहेत. काही माझेच आहेत. त्यांत बँड आहे, देवमासा आहे, छोटी गाडी आहे. १९१७ नाही. माझ्या लेखांतही नाही.

२०१७ मध्ये मी सेवानिवृत्त झालो. त्या सप्टेंबरात नव्याने मिळालेल्या रिकाम्या वेळात आजोबांप्रमाणे संध्याकाळी बागेत जाऊ लागलो होतो. तेवीस तारखेला गेलो तर दाराशी ही गर्दी. निळे झेंडे, पांढरे कपडे, डोक्यावर पिशव्या, कडेवर मुले. गुजराती ऐकण्याची सवय झालेल्या माझ्या कानांवर सर्व बाजूंनी मराठी पडू लागले. खानदेशचे, विदर्भाचे, मुंबईचे. प्रसंगाची शंभर वर्षे झाली म्हणून ही माणसे आली होती. मला ते तिथे उभे राहिल्यावर कळले.

एका वृद्ध बाईंनी मला थांबवले. अकोल्याकडच्या होत्या.

“दादा, बाबासाहेब बसले होते ते झाड कोनतं?”

मी इकडे तिकडे पाहिले. साठ वर्षे ज्या बागेत आलो तिथे मला ते झाड दाखवता येईना. “आजी, त्या बाजूला असेल, लोक जात आहेत तिकडे,” असे काहीतरी बोललो.

“तुमी इथलेच का?”

“हो, इथलाच. आमच्या चार पिढ्या झाल्या बडोद्यात.”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नातवाला जवळ ओढले आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाल्या, “पाय, हे इथलेच हायेत.” मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने, “मंग तुमच्या आज्यानं पाह्यलं असन त्यायले.”

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. त्यांच्याबरोबर झाडापर्यंत चालत गेलो. नातवाने चप्पल काढली, म्हणून मीही काढली. त्यांची परतीची गाडी रात्रीची होती आणि मुक्कामाची सोय कुठे केलेली नव्हती. गाडीच्या वेळेपर्यंत इथेच बसणार, असे त्या म्हणाल्या. त्यांनी डबा सोडला. भाकरी, ठेचा, कांदा. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि मी ती तिथेच बसून खाल्ली. आठच्या सुमारास मंडळी उठली. मी त्यांना काळ्या घोड्यापर्यंत सोबत केली आणि स्टेशनचा रस्ता दाखवला. तो मला ठाऊक होता.